रजयांच्या खोलीत

लाँड्रीतली मशिनं बंद झाली आणि माईंना आपल्याच स्वयंपाकघरातला गळका नळ ऐकू आला. टप, टप. कधीपासून गळतोय हा, कोण जाणे. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून खाली ड्रायर घरघरत होते आणि वर माणसं त्यांच्यावर आवाज चढवून बोलत होती. हळू बोलायचं असतं हे या घरात कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं.

थोरला जिना चढून आला, वाफेनं लाल झालेला चेहरा बाहीला पुसत.

"केली बंद!" तो नेहमीच्या आवाजात म्हणाला आणि स्वतःच दचकला. मग जरा खालच्या पट्टीत, "केली बंद. पण कायमची नाही हं, माई. दोन हॉटेलांच्या चादरी ओल्या पडल्यात."

"कायमची कोण म्हणतंय? पोर घरात येऊ दे, बाळ जरा रुळू दे."

"येऊ दे की," थोरला म्हणाला. पण खुर्ची ओढून बसताना त्यानं मधलीकडे पाहिलं आणि मधलीनं त्याच्याकडे. ही दोघं भावंडं लहानपणी उठता-बसता भांडायची. त्यांचं एकमेकांशी पटलं की काहीतरी शिजतंय, हे माईंना तेव्हापासून ठाऊक होतं.

"काय ठरवलंय तुम्ही दोघांनी?"

मधली फार्मासिस्ट होती. वाईट गोष्टसुद्धा ती जेवणाआधी की जेवणानंतर ते समजावून सांगावं तशी सांगायची. "माई, बाळाला मी नेते माझ्याकडे. वर्षभर तरी. आमची गल्ली शांत आहे, मुलगा होस्टेलला गेलाय, त्याची खोली रिकामीच असते. धाकटीनं तोवर उपचार-केंद्रात राहून पुरतं बरं व्हावं. बरी झाली की बाळ तिचंच आहे. मी काही ठेवून घेत नाही."

"आणि तिला विचारलंस?"

"तिला विचारून विचारून काय झालं, ते बघतोयच ना आपण."

धाकटी माईंचं शेंडेफळ. तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. ओल्या फरशीवर पाय सटकला, पाठ धरली, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या गेल्या नाहीत. पुढचं सगळं माईंच्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि तरी त्यातलं निम्मं त्यांना उमगलं नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं की दिवस गेल्याचं समजल्यावर पोरगी आपल्या पायांनी डॉक्टरांकडे गेली आणि काही हातचं न राखता सगळं सांगून आली. तिथे गोळ्या सोडवून तिला रोजचं एक औषध सुरू केलं. सकाळी केंद्रावर जायचं, नर्सच्या देखत प्यायचं. एकदम सगळं तोडलं असतं तर बाळ दगावायची भीती होती म्हणे. बाळाच्या बापानं तेव्हाच हात वर केले आणि दुसरं शहर गाठलं. बाळ जन्मलं ते छान गुटगुटीत. दुसऱ्या दिवशी थरथर कापायला लागलं.

"मला काय वाटतं," थोरला म्हणाला, "मधली म्हणतेय त्यात अर्थ आहे. इथे खाली दुकान. दिवसभर ये-जा. गिऱ्हाईकं आत्ताच विचारतात, तुमची बहीण कुठे दिसत नाही. काय सांगू? आणि हा आवाज. बाळाला शांतता हवी म्हणतात, तर आम्ही काय चादरी हातानं धुवायच्या?"

"बाळ इथेच राहील."

हे वहिनी बोलली. थोरल्याची बायको कपबश्या मांडत होती, ती मान वर न करता बोलली. तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू कपाटच बोललं. वहिनीचं आणि धाकटीचं गेल्या कित्येक महिन्यांत 'जरा सरक' आणि 'दार लाव' यापलीकडे संभाषण नव्हतं.

"तुला काय पडलंय?" थोरला म्हणाला. "तुझं तर तिच्याशी–"

"माझं तिच्याशी पटत नाही. सगळ्यांना माहितीये, तिलाही माहितीये. धुतलेले कपडे द्यायला गेले होते ना मी हॉस्पिटलात? दाराच्या काचेतून पाहिलं. बाळ किंचाळत होतं, साधं रडणं नव्हे ते, कानात सुई घालावी तसं. आणि ही बया त्याला छातीशी धरून उभी. खाली-वर, खाली-वर, नुसते गुडघे वाकवत. चेहऱ्यावर चिडचिड नाही की काही नाही. मी कपडे नर्सकडे देऊन आले. आत जाणं बरं वाटेना." तिनं शेवटची बशी ठेवली. "मी माझ्या दोन्ही पोरांच्या वेळी एवढा धीर धरला नव्हता. त्या बाळाला ती कळते. बाकी मग ती कशीही असो."

मधलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खाली टॅक्सीचं दार वाजलं.

*

जिन्यावरून आधी सिस्टर आली, धापा टाकत. हॉस्पिटलातून घरोघरी जाणारी ही रुंद हाडाची बाई, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला फुगलेली पिशवी.

"जिना आहे की डोंगर?" ती दारातच म्हणाली. "आजी, बाळ कडेवर असताना या जिन्यावरून सपाता घालून कुणी उतरायचं नाही. घसरलात तर मला दोन पेशंट."

तिच्या मागून धाकटी. मधलीला ती अपेक्षेपेक्षा लहान दिसली. पोहणाऱ्या बाईचे ते खांदे आत ओढल्यासारखे झाले होते. छातीशी घट्ट गुंडाळलेलं गाठोडं, त्यातून फक्त एक नाक आणि आवळलेली मूठ बाहेर. गाठोडं शिंकलं. पुन्हा शिंकलं. लगेच तिसऱ्यांदा.

"सर्दी झालीय का गं?" माई पुढे झाल्या.

"सर्दी नाही माई. शिंकते ती अशीच. वॉर्डात सगळ्या तिला शिंकाबाईच म्हणतात."

थोरला हसला. हसायचं त्याच्या मनात नव्हतं, पण हसला. "शिंकाबाई! या, या. आमच्याकडे वाफेची सोय आहे."

धाकटीही जराशी हसली. क्षणभर हे घर नेहमीचं घर वाटलं.

सगळे बसले. सिस्टरनं चहा घेतला, दोन घोटांत संपवला आणि कामाला लागली. "सोप्या भाषेत सांगते. पोटात असताना आईच्या रक्तातून बाळालाही औषध मिळत होतं. नाळ तुटली, औषध तुटलं. आता त्याचं शरीर गोंधळलंय. म्हणून कापणं, शिंकणं, ते किंचाळणं, दूध पिताना दमणं. हे उतरतं. बरंचसं उतरलंय, आम्ही औषधाचे थेंब देत होतो तेही आता बंद केलेत. पण काही महिने ही चिडकी राहील. उजेड कमी, आवाज कमी, माणसं कमी. एका वेळी एकानं धरायचं. आणि ती रडली की ती तुमच्यावर रागावलेली नसते, आणि आईनं काही चुकीचं केलेलं नसतं. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते. घरात नेमकं तेच विसरतात."

मधलीला वाटलं, हे आपल्याला उद्देशून होतं.

"आता माझ्या कामाचं. हॉस्पिटलला तुमच्याकडून एक शब्द हवाय. आईच्या जोडीला घरात दुसरं मोठं, जबाबदार माणूस हवं. दिवसभर सगळे असालच. मला काळजी सकाळची आहे. ही रोज सकाळी औषध घ्यायला केंद्रावर जाणार. तेव्हा बाळापाशी कोण?"

खोलीत चुळबुळ झाली. सकाळी थोरला हॉटेलांच्या फेरीला जायचा. वहिनी शटर उघडून काउंटरला. माईंचे हात हल्ली कपसुद्धा धड धरू देत नव्हते.

"त्याची गरजच पडणार नाही," थोरला म्हणाला. "बाळ मधलीकडे न्यायचं ठरलंय."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे असं सांगायचं नव्हतं.

धाकटीनं मान वर केली. "कुणी ठरवलं?"

"अगं, ठरवलं म्हणजे–"

"ताई, तू ठरवलंस?"

"मी सुचवलं," मधली म्हणाली. "तुझ्याच भल्यासाठी. तू आधी ते औषध पुरतं सोड, मोकळी हो, मग–"

"ते औषध सोडायचं नसतं! निदान आत्ता नाही. तुला तरी हे सांगावं लागू नये, ताई. तू रोज औषधं देतेस लोकांना."

"देते ना! म्हणूनच सांगतेय. मला माहितीये त्या बाटलीत काय असतं. त्या गोळ्यांच्याच जातीचं असतं ते."

"मग अर्धवट कशाला सांगतेस सगळ्यांना? दादाला वाटतं मी अजून तेच करतेय. वाटतं ना दादा? बघ, मान खाली घातली त्यानं."

"आवाज चढवू नकोस."

"मी चढवत नाहीये, तू चढवतेयस!"

दोघीही चढवत होत्या. ड्रायरवर मात करायला शिकलेले आवाज होते ते, आणि खाली ड्रायर बंद होते. गाठोडं ताठ झालं. मूठ थरथरली. आणि मग तो आवाज आला, जो वहिनीनं काचेआडून ऐकला होता.

*

थोरल्याला पुढे आठवायचं ते असं, की पुढच्या काही मिनिटांत या घरातल्या प्रत्येक माणसानं प्रेमापोटी जे जे करू नये ते केलं. माई मोठमोठ्यानं 'अले अले' करत बाळाच्या तोंडाशी तोंड नेऊ लागल्या. वहिनीनं पडदा सर्रकन बाजूला ओढला, म्हणे काही चावलंय का उजेडात बघू दे. मधली हॉस्पिटलातून आलेली दुधाची बाटली घेऊन बाळाच्या ओठांना लावायला गेली. आणि त्यानं स्वतः, दोन पोरांच्या बापानं, खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून बाळाच्या कानाशी खुळखुळवला. बाळाचा चेहरा लालचा जांभळा झाला. हनुवटी थडथडत होती.

सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे धाकटीवर होते.

"थांबा," धाकटी म्हणाली. कुणी थांबलं नाही. "थांबा सगळे!"

ती ओरडली नव्हती. पण थोरल्याचा हात तिथेच थिजला. आपली धाकटी बहीण आपल्याला हुकूम सोडतेय, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

"वहिनी, पडदा लाव. दादा, किल्ल्या. माई, तू बस गं. ताई, बाटली नको, भूक नाहीये तिला." तिनं दुपट्याची टोकं पुन्हा आवळली, बाळाचे हात छातीशी घेतले, गुडघे वाकवू लागली. खाली-वर. खाली-वर. रडणं कमी होईना. रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली, बाळ पुन्हा झटका बसल्यासारखं ताठ झालं. ती आतल्या खोलीत गेली, तिथेही रस्ताच. परत आली. तिच्या कपाळावर घाम होता. "इथे कुठे..." ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "हॉस्पिटलात आमची खोली मागच्या बाजूला होती. इथे सगळ्याच खिडक्या रस्त्यावर. मी विसरलेच होते."

मधली म्हणाली, "तेच तर मी–" आणि थांबली. तिनं वाक्य गिळलं, हे थोरल्यानं पाहिलं.

त्याच्या डोक्यात एकदम काहीतरी पेटलं. "रजया!"

"काय?"

"रजयांची खोली. खाली, दुकानामागे. चल."

लाँड्रीच्या मागच्या अंगाला, बिनखिडकीच्या खोलीत, धुऊन झालेल्या रजया, घोंगड्या आणि गाद्यांची कव्हरं छतापर्यंत रचलेली असत. थंडी संपली की लोक टाकून जात आणि पुन्हा थंडी पडेतो न्यायला येत नसत. आवाज त्या खोलीत शिरायचा आणि तिथेच मुरायचा. थोरल्याला हे माहीत असायचं कारण सन्मानाचं नव्हतं. ज्या गिऱ्हाइकाचा कोट हरवला असेल त्याचा फोन तो तिथे जाऊन घ्यायचा आणि 'मी बाहेर आहे' म्हणून सांगायचा. एकदा ड्रायर पूर्ण जोरात चालू असतानाही पलीकडच्याला ते पटलं होतं.

त्यानं आधी जाऊन दिवा मालवला, दार अर्धं उघडं ठेवलं. धाकटी अनवाणी जिना उतरली. सिस्टर पाठोपाठ. आत गेल्यावर रडणं एकदम लांबून आल्यासारखं झालं, जाड पांघरुणाखालून यावं तसं. खाली-वर, खाली-वर. बाकीचे दुकानात इस्त्रीच्या टेबलापाशी दाटीवाटीनं उभे राहिले. कुणीही बोलत नव्हतं. किंचाळणं तुटक झालं. मग कण्हणं. मग एक शिंक.

मग काही नाही.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं भुवया उंचावल्या.

"ती भिंतीलगतची दोन मशिनं बंदच ठेवतो," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "बाकीची पलीकडे आहेत. चालवून बघू. उशीर होईल चादरींना. होऊ दे."

"आणि मधलीकडे न्यायचं?"

त्यानं मान खाजवली. "बघू म्हणालो होतो मी."

"तू 'ठरलंय' म्हणालास."

"मी बरंच काही म्हणतो," थोरला म्हणाला.

*

मधली वर येऊन खरकटे कप विसळत होती. गळका नळ तिनं घट्ट पिळला. गळायचा थांबला नाही. सिस्टर पिशवी न्यायला वर आली आणि खुर्चीत बसलीच.

"रागावलात?"

"मी? नाही." मधलीनं कप पालथा घातला. दुसरा घेतला. "सिस्टर, मी दुष्ट नाहीये."

"तसं मी म्हटलं नाही."

"तिला दुपारी मी माझ्या औषधाच्या दुकानात बसवायचे. पाठ धरलेली, घरी कंटाळायची. मी जेवायला जायचे, ती काउंटर बघायची. गोळ्या कमी भरू लागल्या तेव्हा मालकांनी विचारलं. मी तोंड वर करून सांगितलं, माझ्या बहिणीचं नाव घ्यायचं नाही." तिनं हात पुसले. "निघाली तीच. माझी नोकरी टिकली ती त्यांच्या भलेपणानं. अजून मी दुकानात शिरले की तिथला पोऱ्यासुद्धा कपाटाकडे बघतो असं मला वाटतं. आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं विसर."

"मी कशाला म्हणू? तुमचा राग तुमचा. मला बाळाची झोप आणि बाळाचं वजन, एवढंच कळतं."

मधली टेबलापलीकडे बसली.

"ते औषध काय आहे, तुम्हाला माहीतच आहे," सिस्टर म्हणाली.

"माहितीये. ते मधेच तोडलं की माणूस पुन्हा गोळ्यांकडे वळतं, हेही माहितीये. ते घेत असताना दूध पाजलेलं चालतं, उलट बाळाला बरंच असतं, हेही वाचलंय. सगळं माहितीये हो. आणि तरी सकाळी ती ते पिऊन येणार आणि त्याच हातांनी बाळ उचलणार, असं मनात आलं की बाळ ओढून घ्यावंसं वाटतं. शिकलेलं सगळं एकीकडे आणि हे एकीकडे."

"हं."

"माझ्याकडे नेलं तर बाळ सुखात राहील. खोटं नाही सांगत."

"राहीलही," सिस्टर म्हणाली. "तुमची खोली शांत आहे, तुमचे हात शांत आहेत. एक गोष्ट मात्र मी पाहिलीय. बाळ काढून नेलं की केंद्रावर जायचं कारण काढून नेल्यासारखं होतं काही आयांचं. सगळ्यांचं नाही. ही त्यातली आहे की नाही, ते तुम्हाला जास्त कळेल. मला तुमची बहीण थोड्या दिवसांपासून माहीत. तुम्हाला जन्मापासून." तिनं पिशवी खांद्याला लावली. "मी आणखी थोडा वेळ दुकानात बसते. तुमचे दादा मला कोटावरचा डाग कसा काढतात दाखवणार आहेत. निघताना मला एक उत्तर हवं. कुठलंही चालेल, पण खरं हवं. सकाळी कोण."

ती जिना उतरू लागली. मधलीनं पाहिलं, सिस्टरनं सपाता हातात घेतल्या होत्या.

*

खोलीत अंधार होता, आणि धुतलेल्या लोकरीचा वास. डोळे सरावायला वेळ लागला. धाकटी रजयांच्या थप्पीला पाठ टेकून उभी होती. बाळ शांत होतं, पण तिचे गुडघे अजून वाकत होते, आपोआप, एखाद्या मशीनचं बटण बंद करायचं राहून जावं तसे.

"झोपली?" मधलीनं कुजबुजत विचारलं.

"थांबले की उठते."

"बस तरी."

"बसले की उठते."

मधली दाराशी उभी राहिली. आत जावं की नाही तिला कळेना. पाठ धरलेली बाई, हॉस्पिटलात कित्येक रात्री उभ्यानं काढून आलेली. ती भार या पायावरून त्या पायावर टाकत होती.

"दुखतेय?"

"हं."

"फार?"

"गोळी घ्यावी इतकी दुखते," धाकटी म्हणाली. मग अंधारातून, साध्या आवाजात, "घेणार नाहीये. पण तू विचारलंस म्हणून खरं सांगितलं. तिथे सांगायला शिकवतात."

मधली आत आली आणि तिनं हात पुढे केले. "आण इकडे."

धाकटी बाजूला सरली. बाळासकट, भिंतीपर्यंत. तेवढं एक पाऊल मधलीच्या वर्मी लागलं. तिच्या लक्षात आलं की आपण आज या घरात आल्यापासून धाकटी आपल्या हातांकडेच बघत होती.

"नेत नाहीये," मधली म्हणाली. "धरते नुसती. इथेच. तुझ्यासमोर."

"बाटली नाही द्यायची."

"नाही."

"बोलायचं नाही तिच्याशी. डोळ्यांत बघायचं नाही, तिला जास्त होतं ते."

"बरं."

"थोपटायचंही नाही. नुसतं खाली-वर. सावकाश. आणि हात तिचे छातीशीच राहू देत."

बाळ एका छातीवरून दुसऱ्या छातीवर आलं. आल्याबरोबर ताठलं. मधलीनं ते परत द्यायला हात उचलले. "सोडू नकोस," धाकटीचा आवाज आला, "तू घाबरलीस की तिला कळतं. गुडघे वाकव. अजून हळू. हां, असं." पोहायला शिकवताना ती मुलांना असंच सांगत असणार, मधलीला वाटलं; पाण्यात पाठीखाली हात धरून. आपण कधी बघायलाच गेलो नाही.

शिंकाबाई एकदा शिंकली आणि सैलावली. तिचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं.

धाकटी रजयांवर टेकली. "मी दोनच मिनिटं पाठ टेकते. झोपत नाहीये," ती म्हणाली आणि तिसरा श्वास घ्यायच्या आत झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

मधली उभी राहिली. खाली-वर. थोड्या वेळानं तिच्या मांड्या भरून आल्या. नंतर कंबर. नाकाला खाज आली, ती खाजवता येईना. दुकानातून थोरल्याचा दबका आवाज येत होता. तो सिस्टरला शाईचा डाग आणि तेलाचा डाग यांतला फरक समजावत होता. बाळानं झोपेत मूठ सोडली. बोटं तिच्या गळ्याशी पसरली, ओलसर, इवलीशी, आणि पुन्हा मिटली. हिला घेऊन आत्ता मागच्या दारानं निघालं तर गाडी तिथेच लावलीय, असा एक विचार मधलीच्या मनात येऊन गेला. तिनं तो येऊ दिला. आणि खाली-वर करत राहिली.

किती वेळ गेला कळलं नाही. एकाएकी धाकटी धडपडत उठून बसली. रिकामे हात चाचपले, आजूबाजूच्या रजया चाचपल्या. "कुठे– माझी–"

"इथे आहे. श्शू. इथे आहे."

धाकटी उभी राहिली. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, श्वास ऐकू येत होता. तिनं हात पुढे केले. मागितलं नाही, नुसते पुढे केले.

मधलीनं बाळाची मान तळव्यात घेतली, दुपट्याची टोकं आवळली आणि बाळ तिच्या आईच्या हातांत दिलं.

दोघींपैकी कुणीच पटकन हात सोडले नाहीत.

"सकाळी कितीला जातेस केंद्रावर?" मधलीनं विचारलं.

"उघडायच्या वेळेला. रांग नसते तेव्हा."

"मग मी त्याआधी येते. दुकान मला दहाला उघडायचं असतं."

"रोज?"

"रोज. रविवारीसुद्धा. आणि हे बघ, माझा राग गेलेला नाहीये."

"माहितीये."

"मधूनमधून येईल तो. तेव्हा मी बोलेन काहीतरी."

"बोल," धाकटी म्हणाली. तिचे गुडघे पुन्हा वाकू लागले होते. "हळू बोल फक्त."

मधली बाहेर आली. दुकानातल्या उजेडात तिचे डोळे मिचमिचले. चौघं तिच्याकडे बघत होते, थोरल्याच्या हातात अर्धा साफ झालेला कोट.

"सकाळी मी," ती सिस्टरला म्हणाली, आणि खुर्ची शोधू लागली.